फितीची वाटी

"आजोबा, आली का?"

छकुलीनं सकाळपासून पाचव्यांदा वेदीमागच्या खोलीत डोकं घातलं. डोक्यावरचं पांढरं जाळीचं वस्त्र दाराच्या खिळ्याला अडकलं, तेव्हा आजोबांनी हातातलं फडकं बाजूला ठेवून ते हलकेच सोडवलं.

"येईल. लांबची बस आहे. तू आधी रांगेत जाऊन उभी राहा, नाहीतर बाई ओरडतील."

"पण नवाला मिस्सेची प्रार्थना सुरू होणार."

"नवाला अजून पंचवीस मिनिटं आहेत. तुझी आई हॉस्पिटलात धावून धावून तयार झालीय. फाटकापासून इथपर्यंत दोन ढांगांत येईल."

छकुली हसली नाही. वळली आणि गेली. नाव छकुली आणि उंची शिडीची, असा तिचा सगळा प्रकार होता. तिसरीच्या वर्गात तिच्याएवढं उंच कोणी नव्हतं, त्यामुळे कुठलीही रांग असो, ती शेवटी. फोटोत मागे, कवायतीत मागे आणि आज आयुष्यातल्या पहिल्या कम्युनियनला, प्रभूची भाकर पहिल्यांदा घ्यायलाही, मागेच.

आजोबा म्हणजे शाळेचे शिपाई. मुलं त्यांना घंटाकाका म्हणत, आणि मुलांची मुलं शाळेत येऊ लागली तरी तेच म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली होती. शाळेचं छोटं देऊळ, म्हणजे चर्च, आवारातच असल्यामुळे तिथली कामंही हळूहळू त्यांच्याच गळ्यात पडली होती. मेणबत्त्या, फादरांच्या झग्यांची इस्त्री, द्राक्षारसाची बाटली, भाकरीच्या पातळ पांढऱ्या चकत्या, सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. कार्यक्रम असला की माईकही तेच लावत. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन," एवढं बोलून बाजूला होत. सव्वीस वर्षांत माईकवर ते चारच्या आकड्यापर्यंतही पोचले नव्हते, असं शिक्षक गमतीनं म्हणत.

फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत ते आणि छकुली राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. जावई त्याच्याही आधी गेला, छकुली तेव्हा नीट चालतही नव्हती. मुलगी परिचारिका. दूरच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करायची आणि वर्ष वर्ष घरी यायला जमायचं नाही. या वेळी तर दोन वर्षं होत आली होती. आजच्या दिवसासाठी तिनं सहा महिने आधी रजा मागून ठेवली होती, ती एका दिवसाची मिळाली. सकाळी यायचं आणि दुपारी तीनच्या बसनं परत.

शाळेत वर्षाचा सगळ्यांत मोठा दिवस हाच. परीक्षेचा निकालसुद्धा याच्यापुढे फिका. हॉलमध्ये कागदाच्या माळा, दारात फुलांची कमान, चोवीस मुलं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि एरवी पालकसभेला न फिरकणारे मामा-काका-आत्या पहिल्या बाकासाठी सात वाजल्यापासून हजर. सहा महिने धर्मशिक्षणाच्या बाईंनी मुलांची तयारी करून घेतली होती. गुरुवारी सराव झाला. सरावाला साध्या चकत्या वापरायच्या, म्हणजे ऐन वेळी कोणी दचकू नये. तरी एकानं ती बिस्किटासारखी कडकडून चावली आणि एकानं धाकट्या बहिणीसाठी खिशात घातली.

"वहीच्या कागदासारखी लागते," छकुली म्हणाली होती.

"आज लागेल," बाई म्हणाल्या. "आज ती साधीच आहे. रविवारी तसं वाटणार नाही. रविवारी ती भाकर राहणार नाही, प्रभू स्वतः येणार आहे. तुमचं तुम्हालाच कळेल."

या शाळेची एक खास रीत होती. मिस्सेआधी प्रत्येक मूल एकेक चकती चिमट्यानं उचलून स्वतःच्या हातानं मुलांच्या वाटीत ठेवी. आपली भाकर आपण ठेवायची, मग ती वेदीवर जायची आणि फादर तिच्यावर तिला पवित्र करणारे शब्द म्हणायचे. वाट्या दोन होत्या, एकाच घडणीच्या, पितळी, खाली उभा दांडा असलेल्या. गोंधळ नको म्हणून बाई मुलांच्या वाटीच्या दांड्याला पांढरी फीत बांधत. दुसऱ्या वाटीत सरावाच्या उरलेल्या चकत्या होत्या. ती काकांनी गुरुवारीच रिकामी करायची, पण शुक्रवारी हॉलच्या दिव्यांचं काम निघालं, शनिवारी खुर्च्यांचं. आज सकाळी त्यांनी ती फळीवरून खाली काढून टेबलावर ठेवली होती. आत्ता करू, मग करू म्हणता म्हणता ती तिथंच राहिली.

नऊ वाजले. काकांनी घंटा दिली. मुलं उंचीप्रमाणे दोन-दोनच्या जोड्यांनी आत गेली. सगळ्यांत मागं छकुली होती आणि तिची मान फाटकाकडे वळलेली होती.

काकांचीही मान तिकडेच होती. वेदीमागच्या खोलीला एक लहान खिडकी आहे, तिच्यातून फाटक दिसतं. आत गाणी झाली, वाचनं झाली, म्हाताऱ्या फादरांचं प्रवचन झालं. फादरांना आता दिसायला कमी आणि हातांना कंप, पण या मुलांच्या आयाबापांनाही पहिला कम्युनियन त्यांनीच दिला होता. काकांना प्रवचनातलं अवाक्षर ऐकू आलं नाही. ते मनात बसची गणितं करत होते. घाटात अडकली असेल का? चाक पंक्चर झालं असेल का? बाजूच्या दारात वर्गातली दोन सगळ्यांत लहान मुलं भाकर न्यायला येऊन उभी राहिली, कारण वाटी वाजतगाजत वेदीपर्यंत न्यायचा मान त्यांचा. नेमकी तेव्हाच फाटकात रिक्षा थांबली.

मुलगीच होती. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले. एका हातानं साडी सावरत ती पळतच निघाली.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू आलं, पाणीही आलं, आणि खिडकीवरची नजर न काढता त्यांनी टेबलावरची वाटी उचलून पोरांच्या हातात दिली. "जा, जपून," म्हणाले. पोरं गेली.

पुढचं सगळं फार छान झालं. मुलगी शेवटच्या बाकात कशीबशी घुसली. छकुलीनं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की काका दाराच्या फटीतून तेवढंच बघत राहिले. फादरांनी हात पसरून ते शब्द म्हटले. त्या शब्दांनी वेदीवरची भाकर भाकर राहत नाही, प्रभूचं शरीर होते, हे काका लहानपणापासून मानत आले होते. शब्द म्हटले जात असताना सव्वीस वर्षांत ते एकदाही उभे राहिले नव्हते. आजही दाराशी गुडघे टेकून बसले.

मग मुलं एकेक करून पुढे येऊ लागली. फादर थरथरत्या हातानं जिभेवर चकती ठेवत, मूल हात जोडून बाजूला होई, फोटोवाला एक गुडघा टेकून टिपून घेई. सतरा मुलं झाली. फादरांनी वाटीत बोटं घातली, वाटी तिरकी करून डोळ्यांजवळ नेली, आणि मान वर करून दाराकडे पाहिलं. काही कमी पडलं की ते असंच बघत. काका लगबगीनं आत वळले. टेबलावर दुसरी वाटी होती. त्यांनी ती उचलली आणि त्यांच्या बोटांना फीत लागली.

फीत लागली तेव्हाच त्यांना सगळं कळलं. वेदीवर गेली ती सरावाची वाटी. मुलांनी स्वतःच्या हातानं भरलेली ही वाटी मागच्या खोलीत टेबलावर राहिली, आणि शब्द काही भिंतीतून आत येत नाहीत. ही साधी भाकर होती, गुरुवारी होती तशीच. पण पाय चालतच राहिले. समोर सात मुलं हात जोडून उभी होती, गाणं चालू होतं, शंभर माणसं बघत होती. काकांनी वाटी फादरांच्या हातात दिली आणि मान खाली घालून मागे सरले. मोठ्यांसाठीचं मोठं पात्र वेदीवरच होतं, फादरांच्या कोपरापासून वीतभर लांब, शिगोशीग भरलेलं, त्यावर शब्द म्हटलेले. त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. हे त्यांना सुचलं तेव्हा सातवी छकुली डोळे मिटून जीभ बाहेर काढून उभी होती.

मिस्सा संपल्यावर काकांनी आत जाऊन फितीच्या वाटीतल्या चकत्या पाहिल्या. बरोबर सतरा उरल्या होत्या. ते स्टुलावर बसले. दिवसाढवळ्या आपल्याच नातीला आपण फसवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनातून जाईना.

हॉलमध्ये मात्र नुसता जल्लोष होता. केक कापला, सरबताचे पेले फिरले, पहिलीच्या मुलांनी पंख लावून नाच केला आणि त्यात एकाचा पंख गळून पडला त्यावर सगळे पोट धरून हसले. काका ट्रे घेऊन फिरत होते. लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते, सगळं कसं वेळेवर झालं म्हणत होते. मुलगी तर भेटेल त्याला फोनमधले फोटो दाखवत होती. तिचा चेहरा प्रवासानं ओढलेला होता, पण इतकी मोकळी हसताना काकांनी तिला नवरा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. काकांनी ठरवलं, गप्प बसायचं. कोणाला कळणार? चकतीवर काही लिहिलेलं असतं का? देव काही वाटी बघून येत नाही. तीनची बस निघून जाऊ दे, मग बघू.

"बाबा, छकुली कुठंय?" मुलीनं विचारलं. "आत्ता तर इथं होती. केक तसाच ठेवून गेलीय."

ती हॉलमागच्या नळाशी सापडली. पांढरा झगा गुडघ्यांवर गोळा करून कट्ट्यावर बसली होती. चूळ भरल्यासारखं तोंड ओलं होतं.

"काय गं? पोट दुखतंय?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. नळाचा एक थेंब तळहातावर झेलला. मग म्हणाली, "आजोबा, कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

"माझ्यात देव आला नाही."

काकांनी गळका नळ घट्ट बंद केला.

"मला काही वाटलंच नाही. कागदासारखीच लागली. गुरुवारसारखी. बाई म्हणाल्या होत्या की कळेल." तिनं झग्याची किनार मुठीत धरली. "मी पाप लपवलं ना, म्हणून. शुक्रवारी कबुलीच्या वेळी फादरांना सगळी पापं सांगितली, एक नाही सांगितलं."

"कुठलं?"

"मी रोज प्रार्थना करायचे की आईचं हॉस्पिटल बंद पडू दे. आग लागू दे. म्हणजे ती घरी येईल. तिथं आजारी माणसं असतात ना, आजोबा. मला माहीत होतं तरी करायचे."

काका तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले. गप्प बसायचं ठरवून अजून तासही झाला नव्हता, आणि त्या गप्प बसण्याचं ओझं उचलून हे आठ वर्षांचं पोर इथं एकटं बसलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ऐक," ते म्हणाले. "तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे. मी वाट्यांची अदलाबदल केली. तुला मिळाली ती साधीच होती, सरावासारखी. म्हणून तशी लागली."

छकुली त्यांच्याकडे बघत राहिली. आधी सुटल्यासारखी दिसली, मग विचारात पडली.

"म्हणजे देव रागावला नाही?"

"तुझ्यावर? नाही."

"मग त्या लंब्याला मिळाली ती पण साधीच? तो माझ्या पुढं होता."

"हो. शेवटच्या सात जणांना."

"त्यांना सांगितलं?"

"नाही."

"मग त्यांना पण वाटत असेल," छकुली म्हणाली, "की आपलंच काहीतरी चुकलं."

काका उठले. तिला आईकडे पाठवलं आणि थेट मोठ्या सिस्टरांच्या केबिनमध्ये गेले. मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, कामाला वाघ, पण वर्षभर पालकांना तोंड देऊन देऊन सावध झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि पाण्याचा पेला काकांपुढे सरकवला. मुलांच्या मनात श्रद्धा होती, त्यांनी ती श्रद्धेनं घेतली, देव काही फूटपट्टी घेऊन बसत नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर लोक आनंदात आहेत, फादरांना हटवा म्हणणारे दोन-चार जण आधीच टपलेले आहेत, त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं, असंही म्हणाल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. पुढच्या रविवारी ती मुलं येतीलच, तेव्हा आपोआप मिळेल त्यांना. कोणाचं काय बिघडलं?"

बोलणं खोटं नव्हतं. तासाभरापूर्वी काकांनी स्वतःला हेच सांगितलं होतं. पण आता त्यांना नळाचा कट्टा दिसत होता.

"सिस्टर, पोरं स्वतःलाच बोल लावून घेतायत," एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

फादर हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, मांडीवर केकची बशी, तशीच. काकांनी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. फादरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी बशी खाली ठेवली.

"वाटी तू दिलीस," ते म्हणाले, "पण बघायचं काम माझं होतं रे. फीत काय, आता मला वाटीच नीट दिसत नाही. मीच सांगतो लोकांना."

"नाही फादर. तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं होतं. फीत माझ्या हाताला लागली होती, तरी मी दिली."

फादरांनी त्यांच्याकडे वर पाहिलं. मग सावकाश मान डोलावली. म्हणाले, "मग तूच बोल. मी शेजारी उभा राहतो."

काका माईकपाशी गेले. सवयीनं बोटानं टकटक केलं. "हॅलो, हॅलो," ते म्हणाले, आणि हॉलमधले चार-दोन शिक्षक हसलेही, आता एक-दोन-तीन येणार म्हणून. आकडे आले नाहीत. काकांनी जे झालं ते सांगितलं. वाटी कशी बदलली, कुठल्या सात मुलांना साधी भाकर मिळाली, ती देताना आपल्याला कळलं होतं हेही. "मुलांचं काही चुकलं नाही. फादरांचं नाही. माझं चुकलं," म्हणाले. ते माईकचा दांडा धरून उभे होते, तो करकरला.

मग एक आई रडायला लागली. त्या लंब्या मुलाचे वडील उठून उभे राहिले. आम्ही दोन गावांहून पाहुणे बोलावलेत, त्यांना आता काय सांगायचं, असं त्यांनी चढ्या आवाजात विचारलं. शाळेत वेदीचं काम शिपायानं का करावं, असं कोणीतरी मागून म्हणालं. एक म्हातारी मात्र शांतपणे म्हणाली की माणसानं आपण होऊन सांगितलं, एवढं तरी बघा. तिचं कोणी फारसं ऐकलं नाही. पाठीवर थाप मारणारे आता केकच्या टेबलाकडे बघत होते. मोठ्या सिस्टर पुढे आल्या, सातही मुलांना पुढच्या रविवारी फादर पुन्हा कम्युनियन देतील असं त्यांनी जाहीर केलं, आणि बरोबर अर्ध्या मिनिटात पहिलीच्या मुलांचा दुसरा नाच सुरू करून दिला. पंख गळालेल्या पोराला तो पंख हातात धरूनच नाचावं लागलं.

अडीच वाजता काकांनी मुलीची पिशवी फाटकापर्यंत नेली. छकुली मागे घरात झगा बदलत होती. तिला रिक्षा बघवत नाही म्हणून ती कधीच फाटकात येत नसे.

मुलीनं रिक्षासाठी रस्त्याकडे पाहिलं. पिशवीची चेन उघडली, लावली.

"बाबा, मी एक दिवस काढून आले होते," ती शेवटी म्हणाली. "एक दिवस. पुढच्या रविवारी माझी ड्यूटी आहे. म्हणजे मी जे बघायला आले ते झालंच नाही आणि होईल तेव्हा मी नसणार."

"हो."

"मी निघून गेल्यावर सांगितलं असतं तर चाललं नसतं?"

काकांनी फाटक उघडलं. कारण सांगता येत नव्हतं. छकुलीनं कोणाला सांगू नका म्हटलं होतं.

"सव्वीस वर्षांत तुमच्या हातून साधी मेणबत्ती कधी पडली नाही. आजच कसं झालं? लक्ष कुठं होतं तुमचं?"

समोर तेच फाटक होतं. सकाळी ती जिथं उतरली तिथंच आता दुसरी रिक्षा येऊन थांबली होती. खिडकीतून ती कशी दिसली, एका हातानं साडी सावरत, हे काकांना जन्मभर विसरता येणार नव्हतं.

"होतं कुठंतरी," ते म्हणाले.

मुलीनं वाकून पाया पडल्यासारखं केलं, नीट पडली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं डोळे पुसले की केस सारखे केले, ते त्यांना कळलं नाही.

बुधवारी शाळेच्या समितीची बैठक झाली. घंटाकाकांनी शाळेचं काम पूर्वीसारखं करावं, वेदीचं काम यापुढे दुसऱ्याकडे द्यावं, असं ठरलं. मोठ्या सिस्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं तेव्हा त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. काकांनी जुडग्यातून वेदीमागच्या खोलीची किल्ली काढायला घेतली. इतक्या वर्षांत कडी गंजून घट्ट झाली होती, निघेना. शेवटी सिस्टरांनी ड्रॉवरमधली कात्री दिली, तिच्या टोकानं कडी वाकवली. किल्ली टेबलावर ठेवून काका बाहेर आले आणि मधल्या सुट्टीची घंटा दिली. एक मिनिट उशीर झाला होता, मुलांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या रविवारी माळा नव्हत्या, कमान नव्हती, फोटोवालाही नव्हता. साधी मिस्सा होती आणि पहिल्या बाकात पांढऱ्या कपड्यांतली सहाच मुलं होती. लंब्याला त्याच्या वडिलांनी दुसऱ्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. छकुलीचा झगा काकांनी रात्री धुवून सकाळी इस्त्री केला होता, फादरांच्या झग्यांना करत तसाच, घडी न मोडता.

ते शेवटच्या बाकात बसले. सव्वीस वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मेणबत्ती एकीकडे झुकलेली त्यांना दिसत होती. उठून सरळ करावीशी वाटली. हात आपोआप कमरेच्या जुडग्याकडे गेला आणि परत मांडीवर आला. फादरांनी ते शब्द म्हटले तेव्हा त्यांनी गुडघे टेकले.

छकुली आजही शेवटीच होती. तिनं जीभ बाहेर काढली, फादरांचा हात थरथरला, चकती नीट ठेवली गेली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिनं हात जोडून आपल्या बाकात जाऊन बसायचं होतं. ती बसली नाही. मधल्या वाटेनं सरळ चालत मागे आली, सगळे बघत असताना, आणि आजोबांना सरकायला लावून त्यांच्या शेजारी टेकली.

ती डोळे मिटून बसली. गाणं संपत आलं तेव्हा तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आजोबा, तशीच लागली," ती कुजबुजली. "कागदासारखीच."

काकांनी मान तिच्याकडे वळवली.

"असू दे," छकुली म्हणाली, आणि मांडीवर रिकामा पडलेला त्यांचा हात तिनं आपल्या हातात घेतला. मेणबत्ती तशीच एका बाजूला झुकून जळत होती आणि मेण वेदीवरच्या कापडावर पडत होतं.